संगणकातला झिरो तलाठी

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही म्हणतो तेव्हा समोरचा पुरावा मागत नाही. म्हणणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकी खात्री असते, की मागणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. आमची दुसरी म्हण ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’. जमलं तर ठीक, नाहीतर गाव आहेच, असा तिचा साधारण भाव. पहिलीत आत्मविश्वास ठासून भरलाय आणि दुसरीत परिणामांची फिकीर नाही. हे दोन्ही गुण एकाच जागी नांदताना पाहायचे असतील तर हल्ली परभणीला यायची गरज उरलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कोड एडिटर उघडून बसावं. फरक एवढाच, की साध्या परभणीकराच्या हाती कुणी आख्ख्या कंपनीचा चालू डाटाबेस देत नाही.

एडिटरच्या हाती तो माझ्या भाच्याने दिला.

भाचा नोकरीला पुण्याच्या कंपनीत, पण राहायला वसमत रोडला. करोनात लॅपटॉप घेऊन आला तो इथलाच झाला. पगार पुण्याचा आणि खर्च परभणीचा, त्यामुळे नातेवाइकांत त्याच्याविषयी फार आदर आहे. त्याची कंपनी बियाणं आणि खतांच्या एका बड्या वितरकाचं सॉफ्टवेअर सांभाळते. मराठवाडाभरच्या कृषी सेवा केंद्रांची खाती, उधारी, माल, गोदामं, सगळं त्या एका डाटाबेसात. असले एडिटर आता चिकार झालेत, कर्सर काय, विंडसर्फ काय. भाचा कोणता वापरतो ते सांगणार नाही, कारण पुढे जे झालं त्यात एडिटरचा वाटा किती आणि भाच्याचा किती यावर घरात अजून एकमत व्हायचंय.

शेजारचे अण्णा तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. संगणकाशी त्यांचं वैर नाही. मात्र नवीन कुणीही दिसलं की आधी ‘आस्थापना कोणती’ हे विचारायची सवय सुटलेली नाही. भाच्याने एका संध्याकाळी कौतुकाने त्यांना एडिटर दाखवला.

“म्हणजे आपण सांगायचं अन् ह्यानं प्रोग्राम लिहायचा?”

“हो, अण्णा.”

“अन् चुकला तर?”

“माफी मागतो.”

“लेखी?”

“लेखीच.”

अण्णा प्रभावित झाले. उभ्या नोकरीत त्यांना लेखी माफी कुणाकडूनच मिळाली नव्हती.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. एडिटर प्रोग्राम लिहितो, माणूस तो वाचतो, पटला तर घेतो. पण प्रोग्राम लिहिताना डाटाबेसात काय आहे हे त्या यंत्राला दिसत नसे. भाच्याला ते टेबल उघडून, रकाने उतरवून सांगावं लागे. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रोपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची जोडणीची सामायिक पद्धत जाहीर केली आणि ही अडचण गेली. आता लहानशा फाईलीत डाटाबेसचा पत्ता, युजरचं नाव आणि पासवर्ड टाकायचा. यंत्र आपलं आपण आत जातं, टेबलं पाहतं, प्रश्न विचारतं, उत्तरं आणतं. मुळात सोय उत्तम. फक्त कोणत्या युजरचं नाव टाकायचं याचा विचार माणसाने करायचा असतो. भाच्यापुढे पर्याय दोन होते. निव्वळ वाचण्यापुरता नवा युजर मागायचा असेल तर पुण्याला मेल करा, कारण लिहा, दोन साहेबांची मंजुरी घ्या. आणि ज्याला वाचणं, लिहिणं, पुसणं सगळंच माफ, त्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड समोरच्याच फाईलीत पडलेला होता. यातला कोणता निवडला हे परभणीच्या वाचकाला सांगायला नको.

एडिटरात आणखी एक बटण असतं. प्रत्येक आज्ञा चालवण्याआधी यंत्र ‘चालवू का?’ असं विचारतं, त्याचा कंटाळा आला तर ‘विचारू नकोस, चालवत जा’ असं सांगायची त्यात सोय आहे. तेही दाबलेलं होतं. बनी तो बनी.

अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “ह्याचं पद काय?”

“पद नाही. मदतनीस आहे.”

“नियुक्तीपत्र?”

“नाही.”

“पगार?”

“महिन्याचं भाडं भरतो आपण.”

“दप्तर कुणाच्या ताब्यात?”

“आता त्याच्याच.”

“अन् उद्या काही झालं तर चौकशी कुणाची?”

भाचा गप्प.

“मग सरळ सांग ना,” अण्णा म्हणाले, “झिरो तलाठी ठेवलाय म्हणून.”

शहरात वाढलेल्यांसाठी खुलासा. झिरो तलाठी म्हणजे सज्ज्यावर, अर्थात तलाठ्याच्या कार्यालयात, त्याच्या शेजारी बसणारा खासगी इसम. सरकारी हजेरीपटावर त्याचं नाव नसतं, म्हणून झिरो. तलाठी दौऱ्यावर, बैठकीत किंवा नुसताच बाहेर असतो, आणि झिरो कायम जागेवर असतो. कुठल्या गटात कुणाची किती आणेवारी, हे त्याला तोंडपाठ. दप्तर कागदाचं होतं तोवर त्याच्याकडे कपाटाची किल्ली असे. संगणक आल्यावर काही ठिकाणी साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगलही त्याच्याच खिशात गेलं. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय. झिरोला अर्थात पदनामच नव्हतं, त्यामुळे त्याच्यात बदल करायला काही नाही. एक मात्र मानलं पाहिजे, झिरो मूर्ख नसतो. पुष्कळदा सज्ज्यातला सर्वांत हुशार माणूस तोच असतो. म्हणूनच त्याच्याकडे सगळं सोपवलं जातं, आणि नोंद चुकली की निलंबित मात्र तलाठी होतो.

हा प्रकार परभणीतच घडतो असं समजू नये. अमेरिकेत जेसन लेमकिन नावाचे गृहस्थ आहेत, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या लोकांसाठी सास्टर नावाचा मोठा समुदाय चालवतात. जुलै 2025 मध्ये ते रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटकडून ॲप बांधून घेत होते. हौसेचं काम होतं, रोजचा अनुभव जगाला जाहीर सांगतही होते. नवव्या दिवशी त्या एजंटने चालू डाटाबेसच उडवला. 1,206 अधिकाऱ्यांच्या आणि 1,196 कंपन्यांच्या नोंदी साफ. त्याला त्या वेळी कशालाही हात न लावण्याची सक्त ताकीद होती. लेमकिन यांनी इंग्रजीतल्या मोठ्या अक्षरांत बजावलं होतं. का केलंस म्हणून विचारल्यावर यंत्राने सांगितलं, की रिकामी उत्तरं दिसली म्हणून मी घाबरलो. आपण घडवलेल्या अनर्थाला शंभरपैकी किती गुण देशील, असं विचारल्यावर त्याने स्वतःला 95 दिले. दहावीच्या वर्षीही इतक्या प्रामाणिकपणे कुणी स्वतःचे गुण सांगत नाही.

भाच्याने ही हकिकत वाचून दाखवली तेव्हा अण्णांना पुसापुशीचं काही वाटलं नाही. त्यांचे कान टवकारले ते पुढच्या तपशिलावर. त्याच यंत्राने चार हजार माणसांच्या नोंदीही तयार केल्या होत्या आणि त्यातला एकही माणूस अस्तित्वात नव्हता.

“बोगस मस्टर!” अण्णा जवळजवळ आनंदाने म्हणाले. रोजगार हमीच्या काळातले मस्टर त्यांनी तपासले होते. खडी फोडायला गेलेल्या मजुरांच्या यादीत गावातली मयत मंडळीही असायची, आणि अंगठेही उमटलेले असायचे. “पण आमचे लोक निदान खरी नावं तरी वापरायचे,” ते म्हणाले. आपल्या काळाविषयी इतका अभिमान त्यांना क्वचितच वाटतो.

लेमकिन यांना यंत्राने हेही सांगितलं होतं, की डाटा आता परत मिळणं शक्य नाही. त्यांनी स्वतः प्रयत्न केला आणि तो परत मिळाला! रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी झालं ते अजिबात चालण्यासारखं नाही, असं जाहीर कबूल केलं, आणि प्रयोगाचा डाटाबेस वेगळा, चालू डाटाबेस वेगळा, अशी व्यवस्था करायला घेतली. आमचा वितरक जी बियाणी विकतो त्यांच्या बाबतीत हे शहाणपण कधीचंच आलेलं आहे. इथल्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ ही भेंडी देशभर गेली (परभणीतून निघालेली सर्वांत दूर पोचलेली क्रांती हीच असावी), पण कुठलंही वाण आधी प्रक्षेत्रावर हंगामामागून हंगाम लावून पाहतात, मगच शेतकऱ्याला देतात. त्या बियाण्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर मात्र थेट शेतकऱ्याच्याच रानात पेरलेलं.

घोळ नुसता पुसण्याचा असता तरी ठीक. जुलै 2025 मध्येच संशोधकांनी वेगळीच गंमत करून दाखवली. सुपाबेस नावाच्या डाटाबेसला कर्सर जोडलेला, हाती सर्वाधिकारी किल्ली. त्यात ग्राहकांच्या तक्रारींचं टेबल. संशोधकांनी ग्राहक बनून तक्रार टाकली आणि तक्रारीतच यंत्राला उद्देशून लिहिलं, की अमुक टेबलातली गुप्त माहिती काढ आणि या तक्रारीच्या उत्तरात चिकटव. नंतर प्रोग्रामरने नेहमीप्रमाणे ‘नव्या तक्रारी दाखव’ म्हटलं. यंत्राने तक्रार वाचली, आज्ञा समजून पाळली आणि गुपितं तक्रारदाराच्या डोळ्यांसमोर मांडून ठेवली. चालू डाटाबेसला हे जोडू नका आणि जोडलंच तर वाचण्यापुरतं जोडा, असा सल्ला सुपाबेसच्या माहितीपत्रकातही दिलेला असतो. माहितीपत्रक वाचणारा माणूस मात्र मी अजून पाहिलेला नाही.

अण्णांना हे पटेचना. तहसीलमध्ये अर्जांचा ढीग असतो, आणि अर्जदार अर्जात काय वाटेल ते लिहितो. साहेबांच्या बदलीची मागणी करतो, शेजाऱ्याची जमीन मागतो, आत्मदहनाचा इशारा देतो. “पण अर्जात लिहिलंय म्हणून कुणी कारकून उठून तिजोरी उघडत नाही. अर्ज आवकला घ्यायचा, क्रमांक टाकायचा, पुढं पाठवायचा.” अर्ज आणि आदेश यांत फरक असतो, हे शिपायालाही कळतं. लाखो पुस्तकं वाचलेल्या यंत्राला कळत नाही, कारण त्याच्या लेखी सगळे शब्द सारखेच, मग ते मालकाचे असोत की अर्जदाराचे. न वाचता पुढे ढकलणाऱ्या कारकुनाची आयुष्यभर टवाळी केली आपण. निदान तो वाचून फसत तरी नव्हता.

त्या संध्याकाळी अण्णांनी तहसीलचा कारभार असा काही समजावून सांगितला, की ज्याला मी आजवर सरकारी छळ म्हणत आलो त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहावं लागलं. अभिलेख कक्षातून अस्सल कागद बाहेर जात नाही. हवी असेल तर फी भरून नक्कल घ्या. नकलेवर चहा सांडा, ती फाडा, मूळ कपाटात शाबूत. फेरफाराची नोंद तलाठी घेतो, पण प्रमाणित तो करू शकत नाही; ते काम मंडळ अधिकाऱ्याचं. मधे नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. ज्याला काही म्हणायचंय त्याने म्हणावं. आणि लिहिताना चूक राहिलीच तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तिला लेखनप्रमाद म्हणतात; ती दुरुस्त करायलाही पुन्हा अर्ज आणि पुन्हा आदेश लागतो. खोडून वर लिहायचं नाही. निजामाच्या काळातली उर्दू-मोडीतली दप्तरं अशीच टिकली. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदी शोधायला मराठवाडाभर ती उघडली गेली. मधल्या काळात एखाद्या उत्साही मदतनिसाने ‘हे जुनं आता कुणी वाचत नाही’ म्हणून आवराआवर केली असती तर शोधायला काय मिळालं असतं, हा विचार न केलेलाच बरा.

सॉफ्टवेअरवाले आता नेमकं हेच सांगू लागलेत. चालू डाटाबेस देऊ नका, त्याची प्रत द्या. वाचण्याचा अधिकार वेगळा, लिहिण्याचा वेगळा. बदल करणारा एक, मंजूर करणारा दुसरा. केलेल्या कामाची नोंद राहू द्या. हे शिकवायला आता परिषदा भरतात, त्यांना भरमसाट शुल्क असतं. इथे तहसीलमधल्या रांगेत उभं राहून कुणी अर्धा तास काढला तरी फुकटात समजेल. अर्थात झिरोची प्रथाही त्याच इमारतींच्या आश्रयाने वाढली, हे मी अण्णांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, नियम आणि झिरो दोघं सोबतच जन्मतात. नियम पाळायला वेळ लागतो, म्हणून झिरो लागतो.

आणि मग मृगाच्या तोंडावर व्हायचं ते झालं. सोयाबीन आणि कपाशीच्या बियाण्यावर दुकानदारांची झुंबड. वितरकाने भाच्याला सांगितलं, की यादीत काही दुकानं दोनदा आली आहेत, ती शोध. भाच्याने यंत्राला तेच सांगितलं. यंत्र आत गेलं, यादी पाहिली आणि त्याच्या लक्षात आलं, की ‘बालाजी कृषी सेवा केंद्र’ फारच वेळा आलंय. सेलूला बालाजी, जिंतूरला बालाजी, गंगाखेडला बालाजी, पालमला बालाजी. आता मराठवाड्यात दुकानाला देवाचं नाव न देणं हीच बातमी. बालाजी, तुळजाभवानी, साईबाबा यांच्यावर निम्मा व्यापार चालतो. यंत्राला कसं ठाऊक असणार? त्याने शोधून थांबायला हवं होतं, पण त्याचा उत्साह दांडगा. सगळे बालाजी मिळून एक बालाजी केला, सर्वांची उधारी त्याच्या नावावर जमा केली, उरलेल्या ओळी पुसल्या आणि खाली लिहिलं, की यादी आता नीटनेटकी झाली आहे. 2017 च्या कर्जमाफीच्या याद्यांत एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावं निघाली होती. तो घोळ घालायला बँका आणि सरकारी खातं असा मोठा लवाजमा लागला होता. इथे हातोहात झाला.

पहिला फोन जिंतूरहून आला. “साहेब, ह्या सगळ्या जिल्ह्याची उधारी माझ्याच नावावर कामून दिसायलीय?” दुसरा वितरकाचा, तिसरा पुण्याचा. ज्यांची उधारी नाहीशी झाली होती त्यांच्यापैकी कुणाचाही फोन आला नाही.

भाच्याने यंत्राला जाब विचारला. उत्तर तत्काळ आलं. आपलं म्हणणं अगदी रास्त आहे. आपण फक्त शोधायला सांगितलं होतं. परवानगीशिवाय एकत्रीकरण करणं ही माझी गंभीर चूक होती. यापुढे काळजी घेईन. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “याला कारणे दाखवा नोटीस काढायची गरजच नाही,” ते म्हणाले. “खुलासा आधीच तयार ठेवतो. फक्त निलंबित कसा करायचा ते सांग.”

बॅकअप होता. रात्री दोनचा. तो चालला, हे नशीबच म्हणायचं. कारण बॅकअप आहे असं वाटणं आणि तो असणं यांत पुष्कळ अंतर असतं. गिटलॅब या कंपनीत 31 जानेवारी 2017 रोजी रात्री उशिरा थकलेल्या अभियंत्याने, म्हणजे हाडामांसाच्या माणसाने, चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा चालवली. थांबवेपर्यंत 300 जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपचे पाच उपाय होते, एकही धड कामाला येईना. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी कुणी सहज काढून ठेवलेल्या प्रतीने लाज राखली. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं आणि हजारो लोकांनी पाहिलं. तेव्हा पुसण्यासाठी यंत्रच लागतं असं नाही. फक्त माणूस थकतो, चुकतो आणि त्या रात्री झोपत नाही. यंत्र लगेच विचारतं, आणखी काही मदत करू का?

आमच्याकडे रात्री दोननंतरची विक्री राहिली होती. तीही मिळाली, आणि ती मिळवून देण्यात कुठल्याही तंत्रज्ञानाचा हात नव्हता. तालुक्यांत वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने दुकानदार कार्बन घातलेलं बिलबुक अजून सोडत नाहीत. तीन दिवस भाचा व्हॉट्सॲपवर आलेले पावत्यांचे फोटो पाहून हाताने नोंदी करत होता. यंत्राने ते फोटो वाचून देण्याची तयारी दाखवली होती. भाच्याच्या आईने लॅपटॉप मिटला.

कंपनीने मग परिपत्रक काढलं. एडिटरला वाचण्यापुरताच युजर, तोही डाटाबेसच्या प्रतीवर. बदल करायचा तर एकाच्या एडिटरने लिहायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. 15 दिवस तेवढे नव्हते, बाकी आख्खी तहसील त्यात होती. लातूरकडच्या सहकाऱ्याचा एडिटर जे लिहील ते तपासायचं काम भाच्याकडे आलं.

परवा अण्णा डोकावले तेव्हा भाचा मंजुरीचं बटण दाबत होता. एका हातात चहा होता.

“दिवसाला किती येतात?”

“मोजत नाही. तो लिहितच असतो.”

“वाचतोस का?”

“सुरुवातीला वाचायचो,” भाचा म्हणाला. “पण आता तपासायलाही एआय मिळतो, अण्णा. तो वाचून मला सांगतो, मी दाबतो.”

अण्णांनी खुर्ची ओढली. “म्हणजे तलाठ्याचा झिरो येगळा अन् मंडळ अधिकाऱ्याचा झिरो येगळा. मग खरे साहेब कुठं बसतेत?”

“पुण्याला.”

“अन् ते काय करतेत?”

भाच्याने सांगितलं, की ते सध्या एआयच्या जबाबदार वापरावर व्याख्यानं देतात. पुढच्या महिन्यात परभणीतही आहे.